चेंडू बदलला की हात बदलतो

बेळगावातल्या टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर धुके पुरते विरलेलेही नाही, तोवर शेजारीशेजारी तीन सामने सुरू झाले आहेत. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीला पाठ लावून उभा आहे आणि एकाच झेलावर ‘पकड’ आणि ‘हिडी’ अशा मराठी व कानडी हाका पडत आहेत. चेंडू मात्र सगळीकडे टेनिसचाच आहे.

हा चेंडू पोकळ रबराचा, जेमतेम ५६ ते ५९ ग्रॅम वजनाचा आणि शिवण नसलेला असतो. टप्पा पडला की तो छातीपर्यंत उठतो, पण हलका असल्याने हवेतच त्याचा वेग मरतो. म्हणून या फलंदाजाने पुढचा पाय बाजूला काढला आहे आणि बॅट आडवी फिरवली आहे. त्याला टप्प्यावर वाकून खेळावे लागत नाही. गोलंदाजाजवळ यॉर्कर, म्हणजे थेट फलंदाजाच्या पायाशी पडणारा चेंडू, आणि संथ चेंडू यांखेरीज फारसे काही उरत नाही.

आता हा सीझन बॉल, म्हणजे कातड्याचा चेंडू, जवळून पाहा. नियमाप्रमाणे त्याचे वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम, म्हणजे मघाच्या चेंडूच्या पावणेतीनपट असते. आत बुचाचा गाभा, त्यावर घट्ट गुंडाळलेला दोरा, वर कातड्याचे चार तुकडे आणि मधोमध टाक्यांच्या सहा रांगा असतात. मेरठच्या एसजी कंपनीच्या चेंडूत या सहाही रांगा हाताने घातल्या जातात, तर ऑस्ट्रेलियाच्या कुकाबुरा कंपनीच्या चेंडूत मधल्या दोनच रांगा हाताच्या आणि बाहेरच्या यंत्राच्या असतात; त्यामुळे कुकाबुराची शिवण लवकर बसते, आणि एसजीची बराच वेळ उभी राहून फिरकी गोलंदाजाच्या बोटांना पकड देते. शिवण तिरपी धरून चेंडू सोडला की शिवणीच्या बाजूची हवा खवळते आणि चेंडूला अधिक काळ चिकटून राहते, गुळगुळीत बाजूची लवकर सुटते, आणि चेंडू शिवणीच्या दिशेने वळतो. एक बाजू घासून चकचकीत ठेवण्याची ही सारी धडपड त्यासाठीच असते. जमीन ओली असेल तर कातडे पाणी पिते, टाके सैल पडतात आणि वळण जाते. बेळगावच्या पावसात हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही.

हे ज्ञान पुस्तकातून येत नाही, बोटांतून येते, आणि बोटांना ते लहानपणीच हवे, असे आम्हाला ठामपणे वाटते. एका सीझन बॉलच्या किमतीत टेनिसचे कितीतरी चेंडू येतात, हे खरे. तरी दहा-अकरा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोन दिवस तरी काथ्याच्या मॅटवर, पॅड बांधून, हा चेंडू खेळायला मिळाला पाहिजे. निवड चाचणीच्या दिवशी अनेकांच्या हाती तो पहिल्यांदाच नीट येतो, आणि ते तेथूनच परततात.

या मुलाला आताच नवा चेंडू मिळाला आहे. त्याने तो अजून टाकलेला नाही; अंगठा शिवणीवरून सावकाश फिरवून तो टाके मोजतो आहे.