फायबरचा डबा रात्रभर काय करतो?

श्रोतेहो, नमस्कार.

घरी फायबरचं इंटरनेट असेल, तर टीव्हीमागे लुकलुकणारा डबा तुमच्या ओळखीचा आहे. तुम्ही सिनेमा बघा नाहीतर गाढ झोपा, तो वीज जवळपास तेवढीच खातो. वायफायसकट ८ वॅट धरा. वर्षाला ७० युनिट होतात.

आता प्रकाशाचा हिशेब बघा. एक्स्चेंजमधलं यंत्र सोडतं साधारण २ मिलिवॅट, म्हणजे ३ डीबीएम. डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप आणि डीबी ही त्यातली घट; दर १० डीबी गेले की ताकद एक दशांश उरते. वाटेत स्प्लिटर नावाचा वाटप करणारा भाग हा प्रकाश ३२ घरांत वाटतो, तिथे १७ डीबी जातात. पाच किलोमीटर फायबरमध्ये पावणेदोन, जोडांमध्ये सव्वा. घरी पोचतात उणे १७ डीबीएम, म्हणजे जेमतेम २० मायक्रोवॅट. स्प्लिटरला तर वीज लागतच नाही. आणि हा प्रकाश वाचणारा डबा त्याच्या चार लाख पट वीज घेतो!

असं का? जीपॉन, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटायच्या पद्धतीत ३२ही घरांचा डेटा प्रत्येक घरी येतो, सेकंदाला अडीच गिगाबिट या वेगाने. शेजाऱ्यांचा डेटा कुलूपबंद असतो, पण त्यातून आपला निवडायला डब्याला सगळाच चाळावा लागतो. अधूनमधून डुलकी घ्यायची सोय मानकांत आहे, मात्र ती डबा आणि एक्स्चेंज दोघांकडेही चालू हवी.

मग सिनेमा कुठून येतो याला महत्त्व नाही का? आहे, पण वेगळ्या कारणाने. लांबून आलेला डेटा वाटेत एकामागून एक राउटरमधून, म्हणजे डेटा पुढे पाठवणाऱ्या यंत्रांमधून जातो. तिथे प्रकाशाची वीज आणि विजेचा पुन्हा प्रकाश होतो, खरा खर्च त्यातच आहे. म्हणून लोकप्रिय सिनेमांच्या प्रती इंटरनेट कंपनीच्याच सर्व्हरवर ठेवतात. नेटफ्लिक्स त्या प्रती गर्दी नसताना भरून घेतं, म्हणजे रात्री नऊच्या गर्दीवर ताण येत नाही. पण महिन्यातून एकदा कुणी ऐकेल अशा जुन्या मैफलीची प्रत गावोगावी ठेवणं तोट्याचंच. ती डिस्क कुणी ऐको न ऐको, फिरत राहते.

घरी काय करता येईल? स्वतःचा वेगळा राउटर लावला असेल तर डब्याचं वायफाय बंद करा. बरेच जण दोन्ही चालू ठेवतात. रात्री अकरा ते सहा डबा बंद ठेवलात तर वर्षाला वीसेक युनिट वाचतील. मात्र लँडलाइन किंवा सीसीटीव्ही त्यावर असेल तर तो बंद करू नका.

भारनियमनात एवढ्याशा डब्यासाठी मोठा इन्व्हर्टर चालवू नका. कधीकधी त्याचा स्वतःचाच खर्च डब्यापेक्षा जास्त असतो. छोटा डीसी यूपीएस, म्हणजे डब्याला थेट बॅटरीची वीज देणारा यूपीएस पुरतो. अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलं असेल तर यूपीएसही १२चाच घ्या, अँपिअर तेवढे किंवा जास्त.