घरून शिकवणाऱ्यांच्या मदतीला कोण?

मित्रहो, आपली तासिका ४८ मिनिटांची आणि झूमची फुकट मीटिंग ४० मिनिटांची. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये या आठ मिनिटांनी किती जणांना मेटाकुटीला आणलं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. उदाहरण शेवटच्या पायरीवर यायचं आणि मीटिंग बंद पडायची. पुन्हा लिंक, पुन्हा हजेरी.

माझ्या एक सहकारी भांडुपला वन रूम किचनमध्ये राहतात. विषय संख्याशास्त्र. फळा नाही, म्हणून त्यांनी ओट्यावर डाळ-तांदळाचे दोन डबे ठेवले, त्यांवर लाकडी पट्टी टाकली आणि पट्टीला मोबाइल रबरबँडनं पालथा बांधला. खाली वही. वहीत सूत्र लिहायच्या, ते मुलांना दिसायचं. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की एका हातानं माइक बंद. सासूबाई तेवढा वेळ बाहेर गॅलरीत बसून राहायच्या. ही जुळवाजुळव त्यांनी एकटीनं केली. कॉलेजकडून त्यांना काय मिळालं? हजेरीचा तक्ता रोज संध्याकाळपर्यंत भरून पाठवा, असं परिपत्रक.

मला याचा आजही राग येतो.

मुंबई विद्यापीठात दूरशिक्षण १९७१पासून आहे. त्या पद्धतीत एकानं पाठ लिहायचा, दुसऱ्यानं तपासायचा, छापखान्यानं छापायचा, टपालानं पोचवायचा. काम वाटलेलं होतं. घरून शिकवणारा प्राध्यापक मात्र लेखकही तोच, कॅमेरामनही तोच, आणि मुलाचा आवाज येत नसला तर तंत्रज्ञही तोच. शिकवायला उरतो कधी?

आता कोविड सरला, हा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१च्या नियमांनुसार एखाद्या अभ्यासक्रमाचे सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरून घेता येतात. ऑनलाइन शिकवणं आता आपल्या कामाचाच भाग आहे.

मग मदत म्हणजे काय? आधी माणूस हवा. सकाळी सातची तासिका असेल तर सातला फोन उचलणारा माणूस. १२ ऑक्टोबर २०२०ला ग्रिड बंद पडून मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या सकाळी मुलांना काय कळवायचं, तासिका कधी घ्यायची, हे विचारायला माझ्याकडे एकही नंबर नव्हता. दुसरं, चांगला माइक. चेहरा अंधुक दिसला तरी मुलं ऐकतात. आवाज तुटला की उठून जातात. नेट कमजोर असेल तर कॅमेरा बंद ठेवायची मुभा द्या, त्यावरून प्राध्यापकाला जाब विचारू नका.

आणि सीएचबीवाल्यांचं, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचं काय? त्यांना मानधन तासिकेवर. एका रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानामागे लिहिणं, बोलणं, चुकलं की पुन्हा बोलणं, कापणं, अपलोड करणं असतं. हे तास कुठल्याच बिलात येत नाहीत. वर तेच रेकॉर्डिंग पुढच्या वर्षी वापरलं, तर त्यांना विचारलंही जात नाही. प्राचार्य मंडळी समोर बसली आहेत, म्हणून स्पष्ट मागतो: तयारीचे तास बिलात धरा, आणि रेकॉर्डिंग पुन्हा वापरायचं असेल तर शिकवणाऱ्याची लेखी परवानगी घ्या. येत्या सत्राची नेमणूकपत्रं अजून निघायची आहेत. या दोन ओळी त्यांत घालता येतील.