ब्लीड ठेवून मिक्स : लाइव्ह रेकॉर्डिंगचं निवेदन

[पडद्यावर : सॉफ्टवेअरमध्ये चोवीस ट्रॅक. त्यातल्या एकाचं सोलो बटण दाबलं जातं.]

हा फक्त गायिकेच्या माइकचा ट्रॅक आहे. तरी यात स्नेअर ड्रम आहे, सिंबल्स (झांजा) तर चांगल्याच खणखणीत आहेत आणि मागून गिटारचा अँपही ऐकू येतोय. ती दोन ओळींच्या मध्ये थांबली की ड्रम्स पुढे सरकल्यासारखे वाटतात. एका माइकमध्ये शिरलेला दुसऱ्या वाद्यांचा हा आवाज म्हणजे ब्लीड. स्टुडिओत तो टाळता येतो. मंचावर, एकमेकांपासून दोन-तीन मीटरवर उभं राहून वाजवणाऱ्यांच्या बाबतीत तो टाळता येत नाही.

लाइव्ह मिक्स बहुतेक वेळा बिघडतो तो या ब्लीडला हाकलून लावण्याच्या हट्टापायी. गायिकेच्या ट्रॅकवर गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज आपोआप बंद करणारं साधन, लावला की ती गाते तेव्हा गेट उघडतो आणि सिंबल्स आत येतात. ती थांबली की गेट मिटतो आणि सिंबल्सही जातात. म्हणजे प्रत्येक ओळीगणिक ड्रम्सचा पोत बदलत राहतो. ऐकणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण त्याला ते खटकतं.

म्हणून कामाचा क्रम उलटा ठेवायचा. लांबचे माइक आधी, जवळचे नंतर.

[पडद्यावर : प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या माइकची जोडी, डावा आणि उजवा.]

प्रेक्षकांचे हे दोन माइक हॉलची जागा सांगतात. पण ते मंचापासून दूर असतात आणि आवाजाला तिथवर पोचायला वेळ लागतो. २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर असतो, म्हणजे दर मीटरला २.९ मिलिसेकंद. माइक २० मीटरवर असेल तर उशीर ५८ मिलिसेकंदांचा. ट्रॅक तसाच मिसळला तर स्नेअर दोनदा वाजल्यासारखा येतो आणि सगळ्या बँडची लय ढिली वाटते.

यावर उपाय सोपा आहे. गाणं सुरू होण्याआधी ड्रमर स्टिक्स आपटून मोजतो, तो एक ठोका शोधा. ओव्हरहेडच्या, म्हणजे ड्रमसेटच्या वर लावलेल्या माइकच्या, ट्रॅकवरचं त्याचं टोक आणि प्रेक्षक-माइकवरचं टोक यांतलं अंतर मोजा. ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये ५८ मिलिसेकंद म्हणजे सुमारे २,८०० सँपल (आवाजाच्या नोंदी). डावा आणि उजवा, दोन्ही ट्रॅक तेवढेच मागे ओढा, म्हणजे ते लवकर वाजतील. एक सरकवून दुसरा तिथेच ठेवला तर स्टिरिओ प्रतिमा एका बाजूला कलते. आणि मापावर आंधळा विश्वास नको : मोठ्या हॉलमध्ये या माइकना पहिल्यांदा ऐकू येतात ते साउंड सिस्टिमचे स्पीकर, ड्रमसेट नव्हे. त्यामुळे टेपने मोजलेलं अंतर आणि वेव्हफॉर्मवर (आवाजाच्या आलेखावर) दिसणारं अंतर नेहमी जुळतंच असं नाही. वेव्हफॉर्म खरा माना.

सरकवून झालं की १० ते १५ मिलिसेकंदांचा उशीर मुद्दाम परत द्या. एवढ्या फरकात कान दोन ठोके वेगळे ऐकत नाही, पण खोली जाणवते. संध्याकाळभरात हॉलचं तापमान १० अंशांनी बदललं, तर २० मीटरवर फरक पडतो जेमतेम एका मिलिसेकंदाचा. त्यामागे लागू नका.

मग याच माइकवर १५० ते २०० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याखालचा खर्ज कापणारा फिल्टर. साउंड सिस्टिमचा घुमणारा खर्ज इथेच साठलेला असतो आणि तोच सगळा मिक्स गढूळ करतो. फेडर (पातळीची सरकपट्टी) हळूहळू वर न्या. हॉल ‘ऐकू’ आला की दोन-तीन डेसिबल खाली घ्या. फेडर बंद केल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटलं, तर पातळी बरोबर आहे.

आता ओव्हरहेड. अख्खा ड्रमसेट आधी त्यांच्यातून उभा करा. किक, स्नेअर आणि टॉम या ड्रम्सचे जवळचे माइक त्याखाली फक्त आधार म्हणून भरा. स्नेअरला वर आणि खाली असे दोन माइक असतील तर खालच्याची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटवून ऐका. कातडं खाली दबतं तेव्हा वरचा माइक जे टिपतो त्याच्या उलटं खालचा टिपतो, त्यामुळे न उलटवता मिसळले तर स्नेअर पत्र्यासारखा पातळ होतो. टॉमच्या प्रत्येक माइकसाठीही पोलॅरिटीचं बटण दोन्ही बाजूंना दाबून बघा. ज्या बाजूला खर्ज जास्त भरतो ती ठेवा.

[पडद्यावर : कोरसचे तीन माइक. त्यांच्यासमोर कुणी नाही.]

इथे मात्र माइक बंद करण्यावाचून गत्यंतर नाही. कोरसचे हे माइक या गाण्यात कुणी वापरलेलेच नाहीत, पण ते उघडे आहेत आणि तिन्ही ड्रम्स टिपतायत. एकच आवाज सारख्या पातळीने दोन माइकमध्ये एका मिलिसेकंदाच्या फरकाने आला, म्हणजे एका माइकला ३४ सेंटिमीटर लांबून पोचला, की ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा वारंवारितांवर खड्डे पडतात. ड्रम्स नळीतून आल्यासारखे वाटतात ते यामुळे. वापरात नसलेला माइक बंद करा, पण अख्ख्या गाण्यापुरता. ओळीओळीला उघडझाप केली की पुन्हा गेटचाच दोष आला.

मुख्य आवाजावर सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा, आणि तो हाताने. गायिका थांबते तिथे ट्रॅक ६ ते ८ डेसिबल खाली आणा, पूर्ण बंद करू नका. उतार आणि चढ दोन-तीनशे मिलिसेकंदांचे ठेवा, म्हणजे बदल कळत नाही. चढ मात्र तिने श्वास घेण्याच्या आधी पूर्ण झाला पाहिजे, कारण तो श्वास गाण्याचाच भाग आहे. वाद्याचा लांब सोलो असेल तर १२ डेसिबलपर्यंत उतरायला हरकत नाही.

हे झाल्यावरच कॉम्प्रेसर. तो मोठा आवाज दाबतो आणि मग आपण एकूण पातळी वर आणतो. ६ डेसिबल दाबून ६ डेसिबल भरले, तर गाणं तिथंच राहतं आणि मधल्या जागेतले ड्रम्स ६ डेसिबलने वर येतात. फेडरने आधीच चढउतार सावरले असतील तर कॉम्प्रेसरवर ताण पडत नाही : २:१ चं प्रमाण (मर्यादेवर दोन डेसिबल वाढले तर बाहेर एकच), २० ते ३० मिलिसेकंदांचा अटॅक (दाबायला लागणारा वेळ), आणि किती दाबलं ते दाखवणारी सुई तीन डेसिबलपलीकडे क्वचितच.

ईक्यूचं, म्हणजे ठरावीक वारंवारिता कमी-जास्त करण्याचंही तेच. आवाजाला उजळपणा द्यायला ८ किलोहर्ट्झ वर केलं की त्याच माइकमधल्या सिंबल्सही उजळतात. मग त्या टोचू लागतात आणि माणूस ओव्हरहेड कापत बसतो. आधी गायिकेचा ट्रॅक म्यूट करून ड्रम्स ऐका, मग सुरू करून ऐका. फरक ऐकला की सिंबल्सचा किती भाग गाण्याच्या माइकमधून येतोय ते कळतं. अशा वेळी गायिकेचा माइक हा ड्रम्सचाही माइक आहे असं धरूनच निर्णय घ्यावा लागतो.

सूर दुरुस्त करण्याचा मोह इथे महागात पडतो. गायिकेचा मूळ सूर ओव्हरहेडमध्ये, गिटारच्या माइकमध्ये आणि प्रेक्षकांच्या माइकमध्येही असतो. तिच्या ट्रॅकवरचा सूर २० सेंट (अर्धस्वराचा पाचवा भाग) सरकवला, की दुरुस्त सूर आणि मूळ सूर एकमेकांवर वाजतात आणि डगमगणारा दुहेरी आवाज तयार होतो. अगदीच कानाला लागणारा एखादा स्वर असेल तर तेवढाच, तोही थोडा हलवा. लयीचंही तसंच : एकट्या किकला ओढून जागेवर बसवता येत नाही. कापायचं तर सगळे ट्रॅक एकाच जागी कापायचे. पण बँड शेवटच्या कडव्यात किंचित पुढे धावला असेल, तर तो प्रेक्षकांबरोबर धावलाय. तिथे हात लावू नये.

रिव्हर्ब (वरून घातलेला घुमारा) थोडा. प्रेक्षक-माइकमध्ये खरी खोली आहेच. वरून घालायचा तो तिच्याच लांबीच्या जवळपास आणि तिच्याहून लहान. दीड सेकंदाच्या हॉलवर तीन सेकंदांचा रिव्हर्ब ओतला की गायिका एका जागी आणि बँड दुसऱ्या जागी गातोय असं वाटतं. पॅनिंग (डावी-उजवी मांडणी) मंचावरच्या जागांप्रमाणे, प्रेक्षकांच्या बाजूने बघून. हाय-हॅट ओव्हरहेडमध्ये उजवीकडे आणि स्वतःच्या माइकमध्ये डावीकडे असेल, तर ड्रमसेट कुठेच बसत नाही.

[पडद्यावर : गाण्याचा शेवटचा स्वर. टाळ्यांचा वेव्हफॉर्म वाढत जातो.]

टाळ्यांची वेळ जपावी लागते. शेवटचा स्वर विरतोय आणि पहिली टाळी पडतेय, तिथे प्रेक्षकांचे फेडर ४ ते ६ डेसिबल वर चढवा. त्या वेळी मंचावरचे माइक अचानक बंद केले तर त्यांच्यातला हॉलचा आवाजही तुटतो, म्हणून ते सेकंद-दोन सेकंदांत उतरवा. दोन गाण्यांमधलं अंतर कमी करायचं असेल तर टाळ्यांच्या मध्यावर दोन-तीन सेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज उतरतो तसा दुसरा चढतो) चालतो. शिट्टी किंवा ओळखू येणारी आरोळी मात्र त्या सांध्यावर येऊ देऊ नका, नाहीतर ती दोनदा ऐकू येते.

शेवटच्या बसवर, जिथे सगळे ट्रॅक एकत्र येतात, कॉम्प्रेसरने एक-दोन डेसिबल, त्याहून जास्त नको. ऑनलाइन द्यायचं असेल तर एकूण पातळी मायनस १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) आसपास आणि ट्रू पीक (आवाजाचं सर्वांत उंच टोक) मायनस १ डेसिबल. लिमिटर (ठरलेल्या पातळीवर आवाज जाऊ न देणारं साधन) यापेक्षा जोरात दाबला तर गाणं फारसं मोठं होत नाही, टाळ्या मात्र गाण्याच्या बरोबरीने येतात. तसं झालं तर प्रेक्षकांचे फेडर खाली आणू नका, लिमिटर सैल करा आणि टाळ्यांपासून पुढच्या गाण्याच्या पहिल्या ठोक्यापर्यंतचा भाग पुन्हा ऐका. तो ठोका टाळ्यांपेक्षा मोठा वाटला पाहिजे.