वहीतली टिंबं

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या आत्याकडे गाण्यांची एक वही होती. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. रेडिओवर भावगीत लागलं की ती पोळी तव्यावर तशीच सोडून पेन्सिल उचलायची. गाणं तीन मिनिटांचं आणि हात पिठाचे, सगळं कुठून उतरणार? सुटलेल्या शब्दांच्या जागी ती टिंबं देऊन ठेवायची आणि तेच गाणं पुन्हा लागायची वाट बघायची. कधी आठ दिवस, कधी दोन महिने. एखादं गाणं पुरं व्हायला अख्खा पावसाळा जायचा. पोळी मात्र दर वेळी करपायची.

आज मला बोलायचंय ते त्या टिंबांबद्दल. शब्द कळले नाहीत तर गाणं किती हातून जातं?

तुमच्यातले शास्त्रीय संगीतवाले म्हणतील, काहीच जात नाही. ख्यालात, म्हणजे रागसंगीतातल्या त्या सावकाश फुलत जाणाऱ्या गाण्यात, कुठे कळतात शब्द? खरंय. बंदिश, म्हणजे त्यातलं बांधलेलं गीत, चार-सहा ओळींची, बहुतेक वेळा ब्रजभाषेतली. पैंजण वाजतात, सासू-नणंद जाग्या होतात, प्रियकर परदेशी असतो. एवढ्याशा ऐवजावर गवई पाऊण तास गातो. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, तर शब्द इतका ताणला जातो की त्याचं दुसरं टोक येईपर्यंत पहिलं आपण विसरलेलो असतो. तराण्यात तेवढंही नाही. नुसतं 'तोम तनन' आणि 'दिर दिर'. उस्ताद अमीर खाँ त्या अक्षरांमागे फारसी अर्थ आहे असं मानत, मध्ये फारसी ओळीही गात. पण समोर बसलेल्या आपल्यासारख्यांना त्याचा पत्ता नसला, तरी मैफलीतून कुणी उठून जात नाही.

म्हणून तिथे शब्द फालतू आहे का? एक करून बघा. 'दिर दिर' जलद म्हणा, जीभ आपोआप पळते. आता त्याच लयीत 'ठिख ठिख' म्हणा. दुसऱ्या आवर्तनाला जीभ अडखळते. म्हणजे अर्थ नसला तरी अक्षराला काम असतं. ख्यालातला शब्द ही खुंटी आहे, सूर अडकवायला आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन टेकायला. खुंटीचं कौतुक कुणी करत नाही, पण ती सैल असली की लगेच कळतं.

भावगीताचं गणित निराळं. तिथे शब्द मालक. सुधीर फडक्यांचं गाणं आठवा. श्वास कुठे घ्यायचा हे शब्दाला विचारून ठरवलेलं असायचं. 'जीवनात' या शब्दात 'जी'नंतर श्वास घेतला की ऐकणारा थेट वनात पोचतो. असे वनवासाला पाठवणारे गायक मी पुष्कळ ऐकलेत. त्यांच्या ताना सुंदर असतात. पण भावगीतात तान घेताना शब्दाची खुंटी करणारा गायक मला अजिबात चालत नाही.

वनवासावरून आठवलं. १ एप्रिल १९५५, रामनवमी. त्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभर चालत राहिलं. छप्पन्न गीतं, शब्द गदिमांचे, म्हणजे ग. दि. माडगूळकरांचे, संगीत बाबूजींचं, म्हणजे त्याच सुधीर फडक्यांचं. हे सगळं आधी कानावर पडायचं होतं. समोर कागद नाही, पुन्हा मागे जाऊन ऐकायची सोय नाही. त्यामुळे ओळ एका ऐकण्यात पोचेल अशीच लिहायला हवी होती, आणि ती तशी लिहिली गेली. पुढे गीतरामायणाची बऱ्याच भाषांत भाषांतरं झाली आणि ती मूळच्याच चालींवर गायली गेली. हे आठवलं की माझं आत्ताचं बोलणं जरा डळमळतं. मराठी शब्दांच्या मापाने बेतलेला अंगरखा कानडीला, बंगालीला कसा बसला? याचं उत्तर माझ्याकडे नाही.

बँडवाल्यांचं काय म्हणायचं? वरातीत ते प्रेमभंगाचं गाणं खुशाल वाजवतात आणि नवऱ्या मुलाचे मामा त्यावर नाचतात. शब्दांकडे कुणाचं लक्षच नसतं. तोच बँड पाठवणीच्या वेळी मुलीला आशीर्वाद देणाऱ्या बापाचं गाणं वाजवतो. क्लॅरिनेटमधून एक अक्षर निघत नाही, तरी मांडवातल्या बायका पदराला डोळे पुसतात. न गायलेल्या शब्दांनी त्या रडत असतात.

चुकीचे शब्दसुद्धा काम करतात. आरतीतलं 'फणिवरबंधना' मी लहानपणी 'फळीवर वंदना' म्हणायचे. तुमच्यापैकी निम्मे म्हणत असतील. आमचे देव स्वयंपाकघरातल्या फळीवरच बसवलेले होते, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. फणिवर म्हणजे नाग, आणि तो गणपतीच्या कमरेला बांधलेला आहे, हे कळायला कॉलेज उजाडलं. कळल्यावर भक्ती वाढली असं काही झालं नाही.

पण एकदा वेगळंच झालं. ज्ञानेश्वरांची ती विराणी, म्हणजे विरहाचं गाणं, 'पैल तो गे काऊ कोकताहे'. लहानपणापासून ऐकत आले. कावळ्याचं गाणं, चाल गोड, एवढंच. 'कोकताहे' हा शब्द घरात कोण वापरतं? मग मुलगा शिकायला परदेशी गेला. तिसऱ्या वर्षी, त्याचं येणं दोनदा रद्द झाल्यावर, एका सकाळी पेरूच्या झाडावर कावळा ओरडायला लागला. मी पोहे भिजवत होते, आणि ती ओळ आपणहून तोंडात आली. पाहुणा येणार म्हणून सांगणारा कावळा, आणि त्याच्याकडे कान लावून बसलेली बाई. सातशे वर्षांपूर्वीचे शब्द. चालीने ते माझ्यापाशी तीस वर्षं जपून ठेवले होते, अर्थ मागाहून आला. मुलगा त्या महिन्यात आला नाही, ही गोष्ट वेगळी.

आत्या गेली, वही माझ्याकडे आली. बहुतेक टिंबं तिने भरलेली आहेत. एका गाण्यात मात्र पेन्सिल नाही, शाई आहे. म्हणजे तिची पक्की खात्री होती. कवीने लिहिलंय 'सांज आली'. आत्याच्या वहीत आहे 'साय आली'. शेगडीवर दूध असणार.

अजूनही ते गाणं लागलं की मी 'साय आली'च म्हणते. गाणारी बाई आपली सांज म्हणत असते.

नमस्कार.