घारापुरीला जायचं तर पंचांग बघून जा

(नेरूळमधल्या ज्येष्ठ नागरिकांच्या एका कट्ट्यावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आपल्या कट्ट्याला बेटांची हौस दांडगी आहे. अंदमान झालं, लक्षद्वीपच्या परवान्यांची चौकशी चालू आहे, मॉरिशसचं कुणाचं तरी ठरतंय. जरूर जा. पण शिवडीकडून अटल सेतूवरून घरी येताना उजव्या हाताला दोन टेकड्यांचं एक हिरवं बेट दिसतं, त्याच्यासाठी आपल्यातल्या किती जणांनी अख्खा दिवस काढलाय? हात वर करा बघू. हं. शाळेच्या सहलीत जाऊन आलेले हात मी मोजत नाही.

घारापुरीला, म्हणजे या एलिफंटा बेटावर, गेलेला माणूस परत येऊन म्हणतो, ‘लेणी पाहिली.’ ‘बेट पाहिलं’ असं कुणी म्हणत नाही. लाँचमधून उतरायचं, टॉय ट्रेनमध्ये बसायचं, शंभर-सव्वाशे पायऱ्या चढायच्या, सदाशिवासमोर फोटो काढायचा, उतरताना माळ नाहीतर टोपी घ्यायची आणि पुन्हा लाँच. ही सहल अडीच तासांत उरकते. माझं म्हणणं एवढंच की त्या लेण्याभोवती एक बेट आहे, त्याला तीन गावं आहेत, चिखल आहे, तिवरं आहेत, पलीकडची टेकडी आहे. आणि बेट बघायचं असेल तर घड्याळाच्या आधी भरती बघावी लागते.

भरतीपासूनच सुरुवात करू, कारण प्रवासी कंपन्या हे सांगत नाहीत. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणकी करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणकी सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे दुपारी बाराला. पक्ष शुक्ल असो की वद्य, हिशेब तोच. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण सहलीला तेवढं पुरे. ज्यांना पाढे आठवत नाहीत त्यांनी नातवंडांना विचारू नका, त्यांना पाऊणकी शिकवलेलीच नाही.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. पण त्या दिवसांत भर दुपारी बाराला भरती, आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाला, जेव्हा तुम्ही बेटावर नसता. अष्टमीला ओहोटी दुपारी सोयीची येते, पण तेव्हा भांग असतं, पाणी फारसं मागे हटत नाही. म्हणून मी पंचमी किंवा षष्ठी सुचवतो. पंचमीला ओहोटी पावणेदहाला, षष्ठीला साडेदहाला. सकाळच्या पहिल्या लाँचनं निघालात तर बरोबर उघड्या चिखलासमोर उतरता.

चिखल बघायला कोण जातं, असं तिसऱ्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं. ऐकू आलं मला! अहो, घारापुरीचा धक्का इतका लांब का आहे आणि त्यावर छोटी आगगाडी का धावते, याचं उत्तर तो चिखल आहे. किनाऱ्यालगत पाणी उथळ, त्यामुळे लाँच जवळ येऊ शकत नाही. धक्क्यावरून चालत या, गाडीत बसू नका. दोन्ही बाजूंना चिखलात निवट्या उड्या मारत असतात. मासा असून पाण्याबाहेर राहणारा, डोळे डोक्यावर बसवलेला प्राणी. बारीक खेकडे बिळातून डोकावतात. पुढे तिवरांची मुळं चिखलातून वर आलेली दिसतात, श्वास घ्यायला. खडकांवर कालवं असतात. हे सगळं भरतीला गेलात तर पाण्याखाली.

आता लेण्याकडे जाऊ, कारण मी काहीही बोललो तरी तुम्ही तिथे जाणारच, आणि जायलाच हवं. हे मुख्य लेणं साधारण सहाव्या शतकातलं, अखंड बेसॉल्टमध्ये खोदलेलं. 1987 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. ते कुणी खोदवलं याचा शिलालेख आज हाती नाही. पोर्तुगीज काळात इथला एक शिलालेख काढून पोर्तुगालला पाठवला गेला आणि तिथे तो हरवला, एवढं जुन्या पोर्तुगीज नोंदींवरून कळतं. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडली आहेत, त्यामुळे बरेच अभ्यासक कलचुरींचं नाव घेतात. दुसरा धागा ऐहोळेच्या शिलालेखाचा, शके 556 म्हणजे इ. स. 634चा. त्यात रविकीर्ती लिहितो की दुसऱ्या पुलकेशीनं पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेल्या ‘पुरी’वर शेकडो नौकांनी हल्ला केला, आणि त्या नौका मदमस्त हत्तींच्या कळपासारख्या दिसत होत्या. ही पुरी म्हणजे कोकणच्या मौर्यांची राजधानी. ती घारापुरीच, असं काही जण मानतात. काही जण जंजिऱ्याजवळच्या राजपुरीकडे बोट दाखवतात. मी कुणाच्या बाजूचा, ते विचारू नका. उरणला माझे नातेवाईक आहेत.

लेण्यात शिरताना एक गोष्ट करा. तिकीट दाखवून आपण उत्तरेकडून आत येतो आणि समोर सरळ रेषेत सदाशिव दिसतो. सगळे तिकडेच धावतात. पण शिवलिंगाचं गर्भगृह पूर्व-पश्चिम रेषेवर आहे, चारही बाजूंना दारं आणि प्रत्येक दाराशी प्रचंड द्वारपाल. तेव्हा आधी पूर्वेच्या चौकाकडे जा आणि तिथून आत वळा. मग कळतं की हे देऊळ आहे. आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत मोबाईल खिशात ठेवा. खांबांच्या रांगांतून तीन बाजूंनी उजेड येतो, सकाळी पूर्वेकडून आणि दुपारी पश्चिमेकडून, आणि शिल्पं त्याप्रमाणे बदलतात.

सदाशिवाला आपण त्रिमूर्ती म्हणतो आणि ब्रह्मा-विष्णू-महेश समजतो. तसं नाही, तीनही चेहरे शिवाचेच. आपल्या डावीकडचा मिशीवाला, हातात नाग धरलेला तो अघोर. उजवीकडचा कोवळा, कुरळ्या केसांचा, हाती कमळ असलेला तो वामदेव. त्याला उमाही म्हणतात. मधला डोळे मिटून बसलेला. उंची साधारण साडेपाच मीटर, म्हणजे आपल्या दीड मजल्याइतकी. त्याच्या शेजारी आपल्या डाव्या हाताला अर्धनारीश्वर, उजव्या हाताला गंगाधर. या तिघांपुढे माणसं गर्दी करतात आणि बाकीची शिल्पं ओलांडून बाहेर पडतात.

माझ्या मते तुम्ही सगळ्यात जास्त वेळ कल्याणसुंदराला द्यावा. शिव-पार्वतीचं लग्न. पार्वती शिवाच्या उजव्या बाजूला उभी आहे. लग्न लागेपर्यंत वधू उजवीकडे, मग डावीकडे, हे आपल्यातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. म्हणजे शिल्पकारानं नेमका लग्न लागण्याआधीचा क्षण धरलाय. तिची मान किंचित खाली, आणि मागून एक जण तिला अलगद पुढे करतोय. तो हिमवान, वधूपिता. पुढे लेक, मागे बाप, आणि त्या हाताच्या स्पर्शात ढकलणंही आहे आणि थांबवणंही. हात बराच तुटलाय, तरी हे दिसतं. ब्रह्मदेव भटजी होऊन बसलाय, चंद्र पाण्याचा घडा घेऊन उभा आहे. इतका आपल्या घरातला प्रसंग सहाव्या शतकातला माणूस खडकात कोरून गेला. त्याच्या जवळच अंधकासुराचा वध आहे. एका भिंतीवर लग्न आणि शेजारी रक्ताचा थेंब झेलायला पुढे केलेलं पात्र. ही मांडणी योगायोगाची नाही.

मोडतोड फार आहे. पोर्तुगीज शिपायांनी इथे नेमबाजी केली असं सांगितलं जातं. सगळा दोष त्यांच्यावर टाकणं मला पटत नाही. पाणी झिरपणं, खांब निखळणं हेही शतकानुशतकं चाललं होतं. काही खांब पुरातत्त्व खात्यानं नंतर नव्यानं उभे केले आहेत, नीट पाहिलंत तर दगडाच्या पोतावरून ओळखू येतात.

आणि हत्ती? ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं तो दगडी हत्ती बेटावर नाहीच. तो बेटाच्या दक्षिणेला राजबंदराजवळ उभा होता. 1814 साली त्याची मान आणि डोकं कोसळलं. पुढे धडही ढासळलं. 1864 साली ते तुकडे मुंबईला भायखळ्याच्या बागेत आले आणि 1914 साली जोडून उभे केले गेले. आज तो राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. नातवंडांना पेंग्विन दाखवायला जाता ना, तेव्हा त्यालाही भेटा.

आता लेण्याबाहेर. पायऱ्या उतरून सरळ धक्क्याकडे न जाता राजबंदर गावात जा. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं आहेत; मोराबंदर म्हणजे उरणचं मोरा नव्हे, गोंधळ करू नका. वस्ती हजार-बाराशेची. बेट उरण तालुक्यात, रायगड जिल्ह्यात. आपण हार्बर लाइननं सीएसएमटीपर्यंत जाऊन, तिथून गेट वे गाठून, तासभर लाँचनं उलटे पूर्वेकडे येतो, आणि गावकऱ्यांचा व्यवहार मात्र समोरच्या न्हावा-उरणशी. बेटावरच्या या गावांत 2018च्या फेब्रुवारीपर्यंत कायमची वीज नव्हती. समोर जवाहर द्वीपावरच्या तेलटाक्या, ट्रॉम्बेची अणुभट्टी, शेव्याच्या बंदराच्या क्रेन, मुंबईचे मनोरे, सगळं रात्रभर लखलखत होतं, आणि इथे संध्याकाळी काही तास जनरेटर. मग समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज आणली. गावातल्या एखाद्या आजींना त्या दिवसाबद्दल विचारा. त्यांच्या खानावळीत जेवा. मासे न खाणाऱ्यांनाही पिठलं-भाकरी मिळते.

पाय चांगले असतील तर दोन वाटा आहेत. एक लेण्याच्या मागून वर तोफांच्या टेकडीवर. ब्रिटिश काळातल्या दोन प्रचंड तोफा तिथे आहेत आणि अख्खं बंदर पायाखाली दिसतं. दुसरी वाट पूर्वेच्या टेकडीवर. तिथे विटांचा बौद्ध स्तूप आहे, शैव लेण्यांच्याही आधीचा. वाटेत सीताबाईचं देऊळ म्हणून ओळखलं जाणारं लेणं लागतं. मोराबंदरच्या बाजूला रोमन मद्यकुंभांची खापरं सापडली आहेत. म्हणजे जहाजं इथे थांबत होती, माल उतरत होता; शेव्याचं बंदर 1989चं, पण या खाडीतला धंदा दोन हजार वर्षांचा. स्तूपाकडे फारसं कुणी फिरकत नाही, तेव्हा एकट्यानं जाऊ नका, गावातला कुणीतरी सोबत घ्या.

काही गोष्टी भराभर सांगतो. सोमवारी लेणी बंद. परतीची शेवटची लाँच साडेपाचच्या आसपास असते, ती धक्क्यावर उतरल्या उतरल्या विचारून ठेवा, कारण पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही. माकडं बाटली आणि पिशवी दोन्ही हिसकावतात. हिवाळ्यात लाँचमागे कुरव पक्षी येतात, त्यांना गाठ्या-फरसाण टाकू नका. लाँचवर ते विकणारा भेटेल, तरी नाही. आणि 18 डिसेंबर 2024ला याच मार्गावर झालेला बोटीचा अपघात आपण विसरलेलो नाही. लाइफ जॅकेट उकडतं, तरी उतरेपर्यंत अंगावर असू द्या.

प्रश्न आलाय की गुडघे साथ देत नसतील तर? पायथ्यापासून वर नेणारे डोलीवाले असतात. दर बसण्याआधी ठरवा, आणि घासाघीस करताना ते तुम्हाला खांद्यावर घेऊन सव्वाशे पायऱ्या चढणार आहेत हे लक्षात ठेवा. डोली नको असेल तर वर चढूच नका. धक्क्यावरून चालत या, खाली गावात बसा, निवट्या बघा, जेवा. बाकीच्यांना वर जाऊ द्या. पुढची षष्ठी कधी आहे ते बाहेरच्या कालनिर्णयमध्ये बघून मी फळ्यावर लिहितो. ज्यांना यायचंय त्यांनी खाली नाव घाला.