गाणं पोचलं, नाव राहिलं

‘ओ सुझाना’ ऐकलेल्यांनी हात वर करा. बघा, जवळजवळ सगळेच! आता ते कुणी रचलं, ते सांगा... झालं ना सगळं शांत? माझं दुखणं नेमकं तेच आहे.

त्याचं नाव स्टीफन फॉस्टर. जन्म ४ जुलै १८२६, पिट्सबर्गजवळच्या लॉरेन्सव्हिलमध्ये. त्या दिवशी अमेरिकेच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षं पुरी झाली आणि त्याच दिवशी जेफरसन आणि अ‍ॅडम्स हे दोघे माजी राष्ट्राध्यक्ष वारले. पत्रिकेवर छापलेला विषय त्याच्या गाण्यांच्या घडणीचा आहे, त्याकडे येतोच. आधी पैशांचं बोलू द्या.

हा मुलगा सिनसिनाटीत भावाच्या आगबोटीच्या कचेरीत हिशेब लिहीत होता. १८४७ च्या सप्टेंबरात पिट्सबर्गच्या एका आइस्क्रीम सलूनमध्ये ‘ओ सुझाना’ पहिल्यांदा गायलं गेलं. पुढच्या वर्षी ते छापून आलं आणि १८४९ मध्ये सोन्याच्या मागे कॅलिफोर्नियाला धावणाऱ्यांच्या तोंडी बसलं. इतर प्रकाशकांनी ते बिनधास्त छापलं. फॉस्टरच्या हाती आले ते एकरकमी शंभर डॉलर.

फोनोग्राफ यायला अजून तीस वर्षं होती. गाणं विकलं जाई ते छापील स्वरलिपीच्या रूपात, घरी पियानो असलेल्यांना. पुढे त्याने फर्थ, पाँड या प्रकाशन कंपनीशी रीतसर करार केला, प्रतीमागे साधारण दोन सेंट. पण रंगमंचावर कुणी कितीही वेळा ते गायलं, तरी त्याला दमडी मिळत नसे. सादरीकरणाचा हक्क तेव्हाच्या कायद्यात नव्हताच.

आणि आता ख्रिस्टी. एडविन ख्रिस्टीची मिन्स्ट्रेल मंडळी होती, म्हणजे गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करायची. १८५१ मध्ये ‘ओल्ड फोक्स अ‍ॅट होम’ छापलं गेलं, त्यावर रचनाकार म्हणून नाव ख्रिस्टीचं! फॉस्टरने थोड्याशा पैशांत हे श्रेय विकलं होतं, कारण असली गाणी लिहिणारा म्हणून आपलं नाव खराब होईल, अशी त्याला भीती होती. पुढच्याच वर्षी त्याने ख्रिस्टीला पत्र लिहून आपलं नाव परत मागितलं. ख्रिस्टीने दिलं नाही. फॉस्टर हयात असेपर्यंत हे गाणं ख्रिस्टीच्याच नावावर राहिलं. (त्यातली सुवानी नदी त्याने पाहिलीही नव्हती, नकाशात शोधून, सुरात बसेल अशी निवडली होती.)

१८५७ मध्ये पैशांच्या ओढाताणीत त्याने आपल्या गाण्यांचे पुढचे हक्क सुमारे १,९०० डॉलरला विकून टाकले. १३ जानेवारी १८६४ रोजी न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात वारला, तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. पाकिटात अडतीस सेंट आणि एक चिठोरं. त्यावर पेन्सिलीने एवढंच: ‘प्रिय मित्र आणि कोमल हृदयं’.

हे इतकं लांबवतोय, कारण हा प्रश्न आपल्याही दारात होता. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटातलं गाणं चित्रपटगृहाबाहेर वाजलं, तर त्याच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा वाटा आता निर्मात्याला लिहून घेता येत नाही. त्यासाठी आपल्या गीतकारांना झगडावं लागलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीये, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा घडण भराभर सांगतो. सूर मोजके, गळ्याला ताण नाही. कडवं एकाने म्हणायचं, ध्रुवपद सगळ्यांनी मिळून उचलायचं. त्यामुळे न शिकलेला माणूसही एकदा ऐकून गाऊ शकतो.

दुसरा मुद्दा वर्णद्वेषाचा. या गाण्यांतले काही शब्द आज ऐकवत नाहीत. पण ‘माय ओल्ड केंटकी होम’सारख्या गाण्यांनी गुलामांबद्दल सहानुभूती जागी होते, असं गुलामगिरीतून सुटून तिच्याविरुद्ध लढलेला खुद्द फ्रेडरिक डग्लस म्हणाला होता. केंटकीने १९८६ मध्ये आपल्या या राज्यगीतातला अपमानकारक शब्द बदलला. पिट्सबर्गमधला फॉस्टरचा पुतळा २०१८ मध्ये हलवला, त्यात त्याच्या पायाशी बँजो वाजवणारा एक कृष्णवर्णीय बसवलेला होता. तो हलवला ते योग्यच झालं. गाणी मात्र त्यांचा इतिहास सांगून गावीत, आणि गाण्याआधी फॉस्टरचं नाव घ्यावं. आता प्रश्न विचारा.