कौतुकाचं गाऱ्हाणं

(परदेशातल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात बोलले ते लेकीने मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं, त्यावरून तिनेच टाइप केलंय. मधले काही किस्से वेबसाइटसाठी गाळलेत, ज्यांनी हॉलमध्ये ऐकले त्यांनी ऐकले.)

नमस्कार मंडळी. माइक जरा खाली करा कोणीतरी. हां, बास.

मला फोन आला तो असा, की काकू तुम्ही वेंगुर्ल्याकडच्या ना, लेकीकडे आलायत, लिहिताही म्हणे, तर आमच्या दिवाळी अंकात लिहिणाऱ्या मंडळींसमोर थोडं बोला, विषय तुम्हाला हवा तो घ्या. आणि लगेच त्याच दमात विषयही सांगून टाकला, की लिहिणाऱ्यांनी आपापल्या खोडी सांगायच्या आणि मग एकमेकांचं कौतुक करायचं असा कार्यक्रम आहे, त्याची सुरुवात करून द्या. म्हणजे मला हवा तो घ्यायला शिल्लक काय राहिलं कळलं नाही, पण असो, विषय माझ्या ओळखीचाच निघाला.

कारण हाच उद्योग आम्ही गावी करतो. वाचनालयाच्या माडीवर महिन्यातून एकदा आम्ही लिहिणारी माणसं जमतो. लिहिणारी म्हणजे पुस्तकंबिस्तकं छापलेली नव्हेत हां. आमच्याकडे नुसतं लिहून कोणाचं पोट भरलंय, आरती प्रभू, म्हणजे आपले चिं. त्र्यं. खानोलकर, एवढा मोठा कवी, पण कुडाळात खानावळ चालवून बघितलीच ना त्यांनी. तर आमच्यात एक रिटायर्ड एसटी कंडक्टर आहेत, काजूच्या कारखान्यातली एक सुपरवायझर बाई आहे, एक आंबा बागायतदार आहेत जे मार्च ते मे तोंड दाखवत नाहीत, एक डबलबारीचे, म्हणजे भजनाच्या सामन्यांचे, बुवा आहेत, आणखीही येऊन जाऊन असतात, आणि मी, शाळेतून निवृत्त.

आता खोडी. कंडक्टरसाहेब कुठल्याही खोलीत शिरले की दारात थांबून आधी डोकी मोजतात. लग्नात, भजनात, अहो मयताला गेले तरी. ओठ बारीक हलताना दिसतात, आणि मध्येच कोणी उठून पाणी प्यायला गेलं की पुन्हा पहिल्यापासून मोजणी. लिहायला बसले की गाडीचा टाइम आल्याशिवाय त्यांचं पेन पुढे सरकत नाही, "सव्वासहाची शिरोडा गाडी सुटली तेव्हा ती रडत होती" असं वाक्य असतं, आता ती रडत होती हे आम्हाला कळलं, सव्वासहा कशाला, तर म्हणतात मग कधी रडत होती ते वाचणाऱ्याला समजणार कसं.

काजूवाल्या बाईंची तऱ्हा वेगळी. तुम्ही इथल्या दुकानात पाकीट उचलता त्यावर डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० असं काहीतरी लिहिलेलं असतं बघा, तो आकडा म्हणजे एका पौंडात किती गर बसतात त्याचा. १८० म्हणजे पौंडात १७० ते १८० गर, मोठे, महाग. ३२० म्हणजे ३०० ते ३२०, आपण लाडवात घालतो ते. आकडा वाढला की गर लहान, आणि त्याच्या खाली पाकळी, मग तुकडा. ही बाई सगळा जन्म गर निवडत आलीय, त्यामुळे कोणी काही वाचलं की ती डोळे मिटून ऐकते आणि प्रत लावते. "पयली दोन पानां दोनशेचाळीस. शेवटाक तुकडो." संपलं. त्यावर अपील नाही. माझ्या एका लेखाला तिने एकदा एकशेऐंशी दिलं होतं, तो कागद मी अजून जपून ठेवलाय, पुरस्काराचं सर्टिफिकेट कुठे आहे ते मात्र आठवत नाही.

माझी स्वतःची खोड सांगते, म्हणजे तुम्हाला सांगायला संकोच नको. मला रोज समुद्राला भरती किती वाजता आहे ते माहीत लागतं. होडी नाही, जाळं नाही, मासे मी बाजारात घेते, तरी लागतं. आमच्या किनाऱ्यावर त्याचा सोपा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा, साडेअकरा धरा. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो म्हणून हा पाऊणकीचा पाढा चालतो, मिनिटं जुळत नाहीत पण माणूस फसत नाही. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी भरती, हे तर पोराटोरांना पाठ असतं. तर इथं लेकीकडे आल्यावरही सकाळी उठले की आधी तिथी बघते आणि वेंगुर्ल्याच्या बंदरावर आत्ता पाणी कुठवर आलं असेल ते मनात लावते. जावई बिचारा पहिल्यांदा घाबरला होता, त्याला वाटलं सासूबाई ग्रह बघतायत.

बघा, हे सांगताना तुम्ही हसलात, मलाही मजा आली. खोडी सांगणं सोपं असतं. आमच्या माडीवरही पहिल्या फेरीत सगळ्यांनी धडाधड सांगितल्या, काहींनी तर नसलेल्या पण सांगितल्या. गाडी अडली ती दुसऱ्या फेरीला. आता शेजारच्याच्या लिखाणाबद्दल दोन चांगले शब्द बोला म्हटल्यावर सगळे पंख्याकडे बघायला लागले. एकाने घसा खाकरला, "छान लिहितात" म्हणून बसला. दुसरा उठला, "मी काय वेगळं सांगणार, छानच लिहितात." असे सगळेजण छान लिहितात हे समजल्यावर चहा आला.

कोकणी माणसाला तोंडावर कौतुक जमत नाही हो. तुम्ही इतकी वर्षं इथं राहून सुधारला असाल तर माहीत नाही. आमच्याकडे बांगड्याचं तिखलं तिसऱ्यांदा वाढून घेणारा पाहुणा जाताना काय सांगतो, तर "वैनी, तिरफळां वायच जास्त पडली." आणि वैनीला कळतं की जेवण आवडलं, ती खूश. आवडलं नसतं तर "बेस बेस" म्हणून हात धुवून गेला असता.

आणि याच्यात मला एक गंमत दिसते, त्यावर मी बरेच दिवस विचार करतेय. तिरफळं जास्त आहेत हे कळायला त्या माणसाला चव घेऊन जेवावं लागलंय. "बेस" म्हणायला काय लागतं? न जेवता पण म्हणता येतं.

आमच्याकडे माणसाची खोड काढून टाकायच्या मागे कोणी फारसं लागत नाही, ती सांभाळतात. माणसाची काय, देवाची पण. आरवलीच्या वेतोबाला तुमच्यातल्या कितीजणांनी पाहिलंय? हात वर करा. हां, बरेच आहात की. त्याला नवसाला काय देतात, तर केळ्यांचा घड आणि चामड्याच्या चपला, ह्या एवढाल्या, माणसाच्या पायाच्या नव्हेत. का, तर देव रात्री गावभर फिरतो, राखण करतो, फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात. आता कोणी म्हणेल देवाला एका जागी बसायला काय होतं. पण गावाने असं कधी म्हटलं नाही. देवाला फिरायची सवय आहे ना, मग चपला आपण पुरवू.

त्याच आरवलीचे जयवंत दळवी. 'ललित' मासिक १९६४ ला सुरू झालं, त्यात ते ठणठणपाळ या नावाने सदर लिहायचे आणि मराठीतल्या झाडून सगळ्या लेखकांच्या खोड्या काढायचे. कोण स्वतःचे सत्कार घडवून आणतो, कोण प्रस्तावना लिहून देण्यात पटाईत, कोणाला काय मिरवायचं असतं, सगळं. वसंत सरवट्यांनी त्या ठणठणपाळाचं चित्र काढलं होतं, हातात भलामोठा हातोडा. पण मला कायम वाटत आलंय की तो हातोडा चालवायला दळवींना आधी किती वाचावं लागलं असेल. ज्याचं वाचलंच नाही त्याची नक्कल कशी करणार? म्हणजे महाराष्ट्रात दुसऱ्यांचं सगळ्यात मन लावून वाचणारा माणूस कोण, तर टिंगल करणारा.

आमच्या बुवांनी हेच त्यांच्या भाषेत सांगितलं. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर, दोघांची पेटी, पखवाज, झांजा, मागे कोरसवाली पोरं, आणि रात्रभर एकमेकांवर शब्दांचा मार. लोकांना वाटतं ही नुसती भांडणं. बुवा म्हणतात, समोरचा गात असताना मी डोळे मिटून बसतो ते झोप येते म्हणून नव्हे, त्याच्या गजरातला एक शब्द जरी माझ्या कानावेगळा गेला तर मी उत्तर कशाला देऊ? इतकं लक्ष देऊन माझं माझी बायको पण ऐकत नाही, असं म्हणाले. (वहिनी तिथंच बसल्या होत्या, त्यांनी ऐकलं नाही.)

तर आम्ही असं ठरवलं की "छान" हा शब्द माडीवर बंद. वाईट शब्द आहे म्हणून नाही, त्याच्या आड लपता येतं म्हणून. ज्याचं कौतुक करायचं त्याच्या लिखाणातली एक जागा दाखवायची, अमुक ओळ, अमुक माणूस, अमुक वास. आणि त्याच्या खोडीला एक टोला द्यायचा, म्हणजे वाचल्याची खात्री. पण तरी तोंडावर बोलायला लाज वाटायची ती वाटायचीच. शेवटी तोड काढली बागायतदारांनी. ते म्हणाले माणसाला सांगायला लाज वाटते ना, मग देवाला सांगा. गाऱ्हाणं घाला, एकाने देवापुढे मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं.

मग पहिलं गाऱ्हाणं कंडक्टरसाहेबांच्या नावाने झालं. बागायतदार उभे राहिले, हात जोडले, आणि ठेवणीतला आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुझ्या लेकरान गाडयेतल्या म्हातारेची गोष्ट लिवल्यान, ती म्हातारी तिकिटाचे पैशे पदराच्या गाठीतसून काढता आणि गाठ सुटणाच नाय, ता वाचून आमच्या डोळ्यात पाणी इला रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेचा हात असोच चलतो ठेव, आणि टायमटेबल लिवची जी खोड तेका लागली असा ती वायच कमी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

कंडक्टर मान खाली घालून बसलेले. त्या गाठीचं त्यांना आम्ही कोणी याआधी बोललो नव्हतो, आणि ती गोष्ट त्यांनी फार पूर्वी वाचलेली. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, ती म्हातारी खरी होती, तिच्या गाठीपायी गाडी लेट झाली होती. किती मिनिटं तेपण सांगितलं, ते मी सांगत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे कौतुक देवामार्फतच जातं. देवाची काही तक्रार नाही.

आता तुमचं. तुमचा अंक मी लेकीकडे वाचून काढला, दुपारी काम काय असतं मला, जाहिराती पण वाचल्या, पोळीभाजीच्या डब्याचे रेट तोंडपाठ झालेत. आणि मग मघाशी चहाच्या वेळी तीन-चार लिहिणाऱ्यांना विचारलं की लोक काय म्हणाले, तर प्रत्येकाचं उत्तर, "अंक छान झालाय म्हणाले." बघा, इथं पण आलाच तो. इतक्या लांब विमानात बसून आपण पापड, मसाला, कोकम घेऊन येतो ते ठीक, पण पंख्याकडे बघायची सवय पण बॅगेत भरून आणायची? आणि इथं तर वर पंखा पण नाहीये.

मग पहिलं गाऱ्हाणं मीच घालते, साध्या मराठीत, म्हणजे घाटावरच्या मंडळींना पण कळेल. तुमच्यात एक मुलगी आहे, हॉस्पिटलात नर्स आहे, तिने बांगडे तळण्यावर लिहिलंय. नाइट ड्यूटीवरून येऊन ती सकाळी बांगडे तळायला घेते, बाहेर बर्फ, सगळ्या खिडक्या सताड उघड्या, आणि नवरा स्टुलावर उभा राहून स्मोक अलार्मला टॉवेलाने वारा घालतोय. इथपर्यंत कोणीही लिहिलं असतं. पण पुढे तिने लिहिलंय की शेवटच्या तुकड्याला ती मुद्दाम गॅस बारीक करते, कारण तळण संपलं की खिडक्या लावायला लागतात आणि वास जातो. देवा महाराजा, तो बारीक केलेला गॅस मी तीनदा वाचला. काजूवाली बाई इथं असती तर एकशेऐंशीच्या खाली आली नसती. आणि तिला प्रत्येक वाक्यानंतर जी तीन-तीन उद्गारचिन्हं द्यायची सवय आहे ती दोनवर आण रे महाराजा.

काय झालं? व्हय महाराजा कोण म्हणणार, मी एकटीच?

हां, आत्ता कसं. आता त्या मुलीने उठायचं आणि दुसऱ्या कोणाच्या तरी लेखातली एक जागा दाखवायची, मग त्याने तिसऱ्याची. अंकाची एक कॉपी इथं टेबलावर ठेवलीय, ज्याने वाचला नसेल त्याने जेवणाच्या लाइनीत उभं राहून चाळून घ्या, पण छान म्हणून सुटता येणार नाही. आणि सेक्रेटरी, तुम्ही दाराशी उभे राहून मघापासून डोकी मोजताय ते मी बघतेय, तुमचा नंबर तिसरा.